बारदानासकट वजन

नाशिक जिल्ह्यातले क्रीडाशिक्षक संध्या गायधनींना मागून ‘पंचनामा’ म्हणतात. तोंडावर ‘ताई’ म्हणतात, कारण बांबू उडी त्यांच्या सहीशिवाय सुरू होत नाही. हे नाव संध्याताईंना ठाऊक आहे आणि त्यावर त्यांचा एकच आक्षेप आहे. पंचनामा अपघात झाल्यावर करतात, आपण आधी करतो, तेव्हा नाव चुकीचं पडलंय.

वय छप्पन्न. पंचवटीतल्या एका मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात. घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं. वडील यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या सांभाळायचे आणि एका काना-मात्रेसाठी नागपूरच्या माणसाला उन्हात तासभर उभं करायचे. मुलीला वह्या मिळाल्या नाहीत, त्या भावाकडे गेल्या. तासभर उभं करण्याची सवय मात्र मुलीकडे आली.

बांबू उडी त्यांच्याकडे आली ती गैरहजेरीमुळे. बावीस वर्षांपूर्वी जिल्हा शालेय स्पर्धेच्या पंचांची बैठक होती आणि त्या दिवशी संध्याताईंच्या मुलीला गोवर निघाला होता. धावण्याच्या शर्यती मंडपाजवळ होतात, चहा वेळेवर मिळतो, म्हणून त्या ज्येष्ठांनी घेतल्या. गोळा आणि थाळी मधल्यांनी वाटून घेतली. उरली बांबू उडी. मैदानाच्या पार टोकाला, बाभळीखाली, तीन-चार स्पर्धक आणि दिवसभराचं ऊन. ती बैठकीला न आलेल्या बाईंच्या गळ्यात पडली. संध्याताईंनी आयुष्यात उंबरठ्यापेक्षा उंच काही ओलांडलेलं नव्हतं. त्यांनी नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि वाचलं. ते तोवर कोणी वाचलं नव्हतं, हे लोकांना त्यानंतर कळलं.

तेव्हापासून त्यांचा क्रम ठरलेला आहे. सकाळी साडेसहाला मैदानावर. आधी गाद्यांच्या फटी. दोन गाद्यांमध्ये तळहात आडवा जात असेल तर गाद्या पुन्हा बांधायच्या. मग खांबांच्या बुडाला गुंडाळलेला फोम. मग बांबू रोवायची पेटी, तिच्या कडा, कडांवरची उशी. शेवटी वर्गातलं एक स्टूल गादीला टेकवून ठेवायचं, त्यावर चढायचं, गादीकडे पाठ करायची आणि हात छातीशी धरून मागं पडायचं. हे त्या पंजाबी ड्रेस आणि बूट घालून, चेहरा न हलवता करतात. पहिल्या वर्षी शिपाई धावत आला होता. आता तो स्टूल धरतो.

या बावीस वर्षांत त्यांच्या मैदानावर कोणाला साधं खरचटलेलंही नाही. बाकीचे शिक्षक यावरून म्हणतात, बांबू उडीत तसा काही धोका नसतोच. संध्याताई म्हणतात, नियम पाळले म्हणून नाही झालं. पुरावा दोघांकडे एकच.

नियमांत त्यांचा सगळ्यात आवडता नियम वजनाचा. आता बांबू म्हणजे बांबू राहिला नाही, फायबरचा असतो. बांबू उडी हे नाव तेवढं टिकलं. या फायबरच्या बांबूवर किलोचा आकडा छापलेला असतो. उडी मारणाऱ्याचं वजन त्या आकड्याहून जास्त नको, एवढाच नियम. वजन करायचं ते उडीच्या कपड्यांत, पायांतल्या बुटांसकट. बांबू वाकतो आणि माणसाला वर फेकतो. वजन जास्त झालं तर वाकता वाकता मोडतो, आणि मोडतो तेव्हा पोर सात-आठ फुटांवर असतं, पाय वर आणि डोकं खाली. हे संध्याताई दरवर्षी मुलांना याच शब्दांत सांगतात. मग विचारतात, काही शंका? कधीच कोणाला नसते.

यंदा सतरा वर्षांखालच्या मुलींत तीन नावं होती. पंच, मदतनीस आणि नोंदी करणारे धरून माणसं नऊ. पहिली येईल तिला धुळ्याला विभागीय स्पर्धेला पाठवायचं होतं, एकटीलाच. एक मुलगी दिंडोरीची. दुसरी मृण्मयी, संध्याताईंच्या स्वतःच्या शाळेची. तिसरी सटाण्याकडची चारुशीला बागूल. हिचे सर मतदारयाद्यांच्या कामावर अडकले होते, म्हणून तिला तिचा बाप घेऊन आला होता. शेठची पिकअप मागून आणलेली, तिच्या टपावर दोरीनं बांधलेला बांबू, आणि दोरीच्या गाठी अशा की संध्याताई दोन मिनिटं बघत राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. हे त्यांच्याकडून मोठंच प्रशस्तिपत्र होतं.

घोटाळा झाला तो वजनाच्या वेळी. आयोजकांचा काटा सुरूच होईना. स्पर्धाप्रमुख शेखर निकम यांनी त्याला दोन थापडा मारल्या, सेल काढून पुन्हा घातले आणि म्हणाले, ताई, यंदा मुलींना तोंडी विचारून लिहू. संध्याताईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. तेव्हा चारुशीलाचा बाप पुढं आला. गोटीराम बागूल. सटाण्याच्या बाजारात कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे सव्वीस वर्षं मापाडी, म्हणजे दिवसभर गोण्या काट्यावर घ्यायच्या आणि वजनाची हाळी द्यायची. शेठचा काटा पिकअपमध्येच होता. म्हणाला, हवा तर लावतो.

संध्याताईंनी आधी काट्यावरचा पडताळणीचा शिक्का बघितला. शिक्का यंदाचा होता. काटा सपाट फरशीवर ठेवायला लावला, रिकामा शून्य दाखवतो का पाहिलं, शाळेतला पाच किलोचा गोळा ठेवून बघितला. काट्यानं पाच किलो दाखवले. त्यांना फार बरं वाटलं. इतका सरळ काटा आणि इतका शांत माणूस त्यांना या मैदानावर कधी भेटला नव्हता. मुलींना त्याच्या हवाली करून त्या पेटीची उशी बघायला गेल्या. काट्याचा आकडा त्याच्याकडे तोंड करून होता. तो हाळी देत गेला, नोंदणीवाला चिठ्ठ्या लिहीत गेला आणि संध्याताईंनी त्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. चारुशीला बागूल, एकोणपन्नास किलो दोनशे. तिच्या बांबूवर छापलेलं होतं पन्नास.

दहा वाजता उड्या सुरू झाल्या. दिंडोरीची मुलगी एक मीटर नव्वदला संपली. मृण्मयीनं दोन मीटर तिसऱ्या प्रयत्नात काढलं आणि दोन-दहाला तीनदा खांबांवरची आडवी काठी पाडली. चारुशीला मात्र एक-ऐंशी, एक-नव्वद, दोन आणि दोन-दहा, चारही उंच्या एकेका उडीत पार करून गेली. ती धावत यायची तेव्हा वेणी पाठीवर आपटायची, वर जाताना दात दिसायचे आणि खाली पडल्यावर आधी बापाकडे बघायची. धुळ्याला कोण जाणार हे आता सगळ्यांना कळलं होतं. तिनं पुढची उंची दोन-वीस मागितली. काठी अजून दोन-दहावरच होती, मदतनीस ती वर सरकवायला शिडी आणत होता.

तेवढ्या वेळात संध्याताई गोटीरामकडे गेल्या. त्या क्वचितच कोणाचे आभार मानतात, त्यामुळे त्यांना ते नीट जमत नाही. त्यांनी काट्याचं कौतुक केलं. शिक्का वेळेवर मारून घेतल्याबद्दल शेठचंही केलं. गोटीराम लाजला. काटा आपला नाही, हात तेवढा आपला आहे, असं काहीसं तो म्हणाला. आणि मग, चोख काम करणाऱ्या माणसाला आपलं काम कोणी तरी समजून घ्यावंसं वाटतं तसं, त्यानं पुढचं सांगितलं.

“बारदान बी सर्वासनं सारखंच धरं, मॅडम. दोन किलो. कमी नही, जास्त नही.”

संध्याताईंनी विचारलं, बारदान म्हणजे काय? त्यानं समजावून सांगितलं. गोणी काट्यावर ठेवली की आकडा दिसतो तो मालाचा आणि गोणीचा मिळून. बोलताना गोणीचं वजन वजा करूनच बोलायचं. तेच बारदान. इथं गोणी नाही, पण कपडे आहेत, बूट आहेत. त्यानं अंदाज घेतला आणि सगळ्यांना दोन किलो सरसकट लावले. स्वतःच्या मुलीला तेवढंच, परक्यांच्या मुलींना तेवढंच. आकडा बघून तो आहे तसा बोलायचा, हे सव्वीस वर्षांत त्यानं एकदाही केलं नव्हतं. आजही ते त्याच्या मनात आलं नाही.

संध्याताईंनी चारुशीलाची चिठ्ठी काढून बेरीज केली. एकोणपन्नास-दोनशे आणि दोन, एकावन्न-दोनशे. बांबू पन्नासचा. ती पोर त्यांच्या सहीवर चार वेळा वर गेली होती. काट्याचा शिक्का त्यांनी तपासला होता, काट्यामागचा माणूस तपासला नव्हता.

त्यांनी शिट्टी वाजवून स्पर्धा थांबवली.

शेखर निकम धावत आले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना संध्याकाळी पाचच्या आत बक्षीस समारंभ उरकायचा असतो, एवढाच त्यांचा दोष. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याताईंना बाभळीच्या पलीकडे नेलं. म्हणाले, सव्वा किलोचा प्रश्न आहे, सकाळी पोरगी पोहे खाऊन आली असेल. चार उड्या झाल्या, बांबू मोडला का? पोरगी पडली का? मग झालं तर. आणि ताई, जरा हाही विचार करा, हिला बाद केलं तर पहिली कोण येते? तुमचीच मृण्मयी. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

लोकांची तोंडं तोवर उघडलीच होती. तिकडं चुन्याची रेघ ओढणारे एक शिक्षक दुसऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले की पंचनामा बरोबर वेळेला निघाला. संध्याताईंनी ते ऐकलं. निकमांचं ‘बांबू मोडला का?’ त्यांना त्याहून जास्त लागलं. बावीस वर्षं त्या म्हणत आल्या होत्या की नियम पाळले म्हणून काही झालं नाही. आज नियम मोडला होता आणि तरीही काही झालं नव्हतं. तोच पुरावा आता उलट्या बाजूनं साक्ष देत होता. संध्याताई म्हणाल्या, पुन्हा वजन करा. सगळ्यांचं. बारदान न धरता.

दिंडोरीची आणि मृण्मयी दोघी आपापल्या बांबूच्या आकड्याच्या बऱ्याच आत होत्या. मग चारुशीला काट्यावर चढली. आकडा अजूनही गोटीरामच्याच बाजूला होता. या वेळी तो स्वतः बघायचा असं संध्याताईंनी ठरवलं होतं आणि त्या काट्याला वळसा घालून निघाल्याही होत्या. त्या पोचायच्या आत बापानं हाळी दिली, बाजारात देतात तशी, शेवटच्या ओळीतल्या माणसाला ऐकू जाईल अशी.

“एकावन्न किलो दोनशे.”

मग तो काट्यावरून हात काढून मागं सरकला. चारुशीला काट्यावरून उतरेना. तिला खाली यायला मृण्मयीनं हात दिला.

यानंतर जे करायचं ते नियमात होतं. चारुशीलाच्या चारही उड्या रद्द झाल्या. तिला दुसरा, पुरेशा आकड्याचा बांबू मिळत असेल तर आताच्या उंचीवर, म्हणजे दोन-दहावर, नव्यानं तीन प्रयत्न मिळतील. बांबू दुसऱ्याचा असला तरी चालतो, मालकाची परवानगी हवी. मैदानावर पंचावन्नचा एकच बांबू होता, संध्याताईंच्या शाळेचा जादाचा. त्यांनी परवानगीच्या कागदावर शाळेतर्फे सही केली आणि पंच म्हणून त्याच कागदावर पोच दिली. निकम म्हणाले, निदान काठी तरी एक-नव्वदला आणा, अनोळखी बांबू आहे, पोरीला हात बसू द्या. संध्याताई म्हणाल्या, चढवलेली काठी उतरवता येत नाही. हे सांगताना त्यांना फार वाईट वाटलं, आणि तरी त्यांनी तेच सांगितलं. दोन-दहा काढलं तर चारुशीला धुळ्याला जाईल, नाही तर तिच्या नावापुढं एकही उंची लागणार नाही.

पंचावन्नचा बांबू ताठ असतो. तो वाकवायला जोर लागतो, आणि त्यासाठी हात किती खाली धरायचा हे महिनाभर पडून-झडून कळतं. चारुशीलाला त्यासाठी वीस मिनिटं मिळाली. संध्याताईंनी पेटीच्या कडेला आणखी एक गादी लावून घेतली, कारण ताठ बांबू माणसाला पुढं टाकायच्या ऐवजी मागं, धावपट्टीवर, परत पाठवतो. ती गादी लावायला त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या होत्या.

पहिल्या खेपेला पोर धावत आली आणि बांबू रोवलाच नाही, गादीखालून तशीच पळत गेली. दुसऱ्या खेपेला बांबू उभा राहिला, पुढं जाईना, आणि ती त्याला धरून घसरत मागं आली ती नव्या लावलेल्या गादीवर. उठली. कपडे झटकले. बापानं हात वर केला आणि मुठीची जागा चार बोटं खाली दाखवली. तिसऱ्या खेपेला तिनं हात तिथं धरला. बांबू थोडा का होईना वाकला, ती वर गेली, पाय काठीपलीकडे गेले, कंबर गेली, आणि छाती काठीला लागली. काठी दोन्ही खांबांवर क्षणभर नाचली. मृण्मयी माझ्यासारखीच श्वास रोखून उभी होती, असं संध्याताईंनी नंतर घरी सांगितलं. काठी पडली.

संध्याताईंनी लाल झेंडा वर केला. तो त्यांनाच करायचा होता.

समारंभ पाचच्या आत उरकला. मृण्मयी पहिली आली, तिनं पदक घेतलं आणि लगेच ट्रॅकसूटच्या खिशात घातलं. अहवाल लिहिताना निकमांनी सुचवलं की ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढंच लिहा, त्यात सगळं येतं. संध्याताईंनी लिहिलं की वजनाच्या वेळी मुख्य पंच काट्याजवळ हजर नव्हत्या, त्यामुळे एका स्पर्धकानं कमी क्षमतेच्या बांबूवर चार उड्या मारल्या, यास मुख्य पंच जबाबदार आहेत. खाली मुख्य पंच म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. निकम म्हणाले, ताई, यानं तुमचं नाव पंचांच्या यादीतून जाईल. त्यांनी कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

बाहेर गोटीराम पिकअपमध्ये काटा चढवत होता. संध्याताई तिथं गेल्या. चारुशीला पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिनं मान वर केली नाही. संध्याताईंनी तिला सांगितलं की चूक तिची नाही आणि तिच्या वडिलांचीही नाही, सही माझी होती. पुढच्या वर्षापर्यंत पंचावन्नचा बांबू हवा असेल तर शाळेकडे अर्ज कसा करायचा, कोणाच्या नावानं करायचा, हेही सांगितलं. पोरीनं सगळं ऐकलं.

मग ती म्हणाली, “चार उड्या मारल्या मी. काही झालं का, मॅडम?”

“नाही झालं.”

“मग पाचवीला पडले असते तर पडले असते. मला चाललं असतं.”

एवढ्या वर्षांत संध्याताई मुलांना नियमाचा क्रमांक सांगत आल्या होत्या, आणि तो आत्ताही त्यांच्या जिभेवर होता.

“मला नसतं चाललं, बाळा,” त्या म्हणाल्या.

गाडीच्या फाळक्याशी गोटीराम थांबला होता. दोरीची गाठ त्याच्या हातात अर्धी राहिली होती.

“माले बी नही,” तो म्हणाला.

चारुशीलानं बापाकडं पाहिलं. वजनाची हाळी दिल्यापासून तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला होता. तिनं एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही बूट पोटाशी धरून ती रडायला लागली. संध्याताई पायरीवर तिच्या शेजारी बसल्या. गोटीरामनं गाठ पूर्ण मारली आणि त्या दोघी उठेपर्यंत गाडी सुरू केली नाही.